जागा खाली करा

मराठी मध्यमवर्गीय माणसाचं निम्मं आयुष्य जागा मिळवण्यात जातं आणि उरलेलं निम्मं ती दुसऱ्याला करून देण्यात. लोकलमध्ये तिघांच्या बाकाशी चौथा येतो आणि नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यात अर्ज, विनंती आणि हुकूम असं तिन्ही असतं. आपण सरकतो. एसटीत सरकतो, पंगतीत सरकतो, सासुरवाडीची माणसं राहायला आली की बाहेरच्या खोलीत गादीसकट सरकतो. सरकणं हा आपला कुळधर्मच आहे म्हणा ना! पण सरकायला सांगणाऱ्याने निदान समोर उभं असावं, थोडं घामाघूम दिसावं, "जरा सरकता का हो?" एवढं तोंडाने म्हणावं, अशी आपली माफक अपेक्षा असते. ती अपेक्षा धुडकावून थेट पाय पसरणारा एकच प्राणी मी आजवर पाहिला आहे. तो म्हणजे संगणकावरचा खेळ.

"अपडेट बसवण्यासाठी पुरेशी जागा नाही. कृपया जागा मोकळी करा."

यातला 'कृपया' हा विनंतीतला 'कृपया' नव्हे. 'कृपया जिन्यात थुंकू नये' यातला तो 'कृपया' आहे.

हल्ली खेळांवर समीक्षा लिहिणारे पुष्कळ आहेत. आमचे चिरंजीव ती वाचतात आणि जेवताना मला ऐकवतात. चित्रं कशी आहेत, कथानकात दम आहे का, पावसात चिखल खरा वाटतो का, बंदूक उडाली की हाताला धक्का जाणवतो का, अशी बारकाईने चिकित्सा असते. मी कौतुकाने ऐकतो. पण या कलाकृतीला घरात ठेवायला किती कपाटं लागतात, याचा उल्लेख असलाच तर कुठेतरी तळाशी, बारीक अक्षरांत. पुस्तकाच्या परीक्षणात शेवटी 'पृष्ठे २१६' म्हणून टाकतात ना, तसा. आता पुस्तकाला ते ठीक आहे. २१६ पानांचं पुस्तक रात्री आपण झोपल्यावर २८० पानांचं होत नाही. खेळ होतो. तेव्हा पृष्ठसंख्या हाच ज्याच्या परीक्षणाचा मुख्य विषय असायला हवा, असा हा एकमेव वाङ्मयप्रकार आहे, आणि ते काम कोणी करत नसल्यामुळे मी ते अंगावर घेतलं आहे. मला खेळता येत नाही, हे मान्य. पण न गाता संगीत समीक्षा करण्याची थोर परंपरा आपल्याकडे आहेच.

आधी प्लॉट कुठे आहे ते सांगतो. आमच्या संगणकाची डिस्क ५०० जीबीची. खोक्यावर तसं छापलेलं आहे. आत जाऊन पाहिलं तर ४६५. यात चोरी कोणाचीच नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि आमचा संगणक १०२४ च्या पटीत. दोघंही खरं बोलतात आणि दोघांच्या खऱ्याच्या मधल्या फटीतून पस्तीस जीबी गळून जातात. ज्याने एकदा फ्लॅट घेतला आहे त्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. बिल्ट-अप म्हणजे काय, कार्पेट म्हणजे काय, आणि आपण पैसे कशाचे भरले, हे त्याला ताबा घेताना कळलेलं असतं.

या ४६५ मध्ये चिरंजीवांचा एक लढाईचा खेळ १२८ जीबी अडवून बसला आहे. नाव सांगत नाही. घरातली गोष्ट आहे. त्याचं अपडेट आलं चाळीस जीबीचं. डिस्कवर एकसष्ट मोकळे होते. मी म्हटलं, "मग बसेल की!" तर चिरंजीव दयार्द्र नजरेने म्हणाले, "बाबा, त्याला शहाण्णव लागतात."

चाळीसच्या पाहुण्याला शहाण्णवची खोली कशाला, हा प्रश्न मला गप्प बसू देईना. चौकशी केली. या खेळांतली हजारो चित्रं आणि आवाज सुटे ठेवलेले नसतात. त्यांची मोजकी, पण अवाढव्य गाठोडी बांधलेली असतात. आता एका सैनिकाच्या सदऱ्याचं बटण बदलायचं असलं तरी बरेचदा त्या गाठोड्याच्या जागी अख्खं नवं गाठोडं बांधावं लागतं. शिवाय नवं पूर्ण बांधून झाल्याखेरीज जुनं फेकता येत नाही, कारण मध्येच वीज गेली तर हातात जुनंही नाही आणि नवंही नाही. आमच्याकडच्या विजेचा स्वभाव पाहता या खबरदारीला मी नावं ठेवणार नाही. पण म्हणजे काही काळ दोन्ही गाठोडी घरात राहतात. सोसायटीच्या पुनर्विकासात निदान आपल्याला भाड्याच्या जागेत पाठवून जुनी इमारत पाडतात तरी! इथे जुनी इमारत तशीच उभी ठेवून शेजारी नवी बांधायची, आणि तेवढ्यासाठी शेजाऱ्यांनी घरं सोडायची. प्लेस्टेशन ४ वर तर पुष्कळदा लहानशा अपडेटसाठीही सबंध खेळाची नक्कल तयार व्हायची आणि खेळाच्या जवळजवळ दुप्पट जागा लागायची.

आता कोणी म्हणेल, कलाकृती मोठी असेल तर जागा लागणारच. महाभारत काय पोस्टकार्डावर मावतं? बरोबर आहे. पण या कलेचे पूर्वज काय करत होते ते पाहू. निन्टेंडोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ साली आला. सबंध खेळ ४० केबी! आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी येणारं एक फुलांचं चित्र यापेक्षा मोठं असतं. त्या मारिओत आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. लाखो मुलं ढगाखालून उड्या मारत गेली आणि कोणाला संशय आला नाही. मला मात्र हे कळलं तेव्हा एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या आईने तिच्या एका इरकली लुगड्यातून धाकट्या बहिणीचं परकर-पोलकं काढलं होतं, त्यातून उरलं त्याची पिशवी, आणि पिशवी विरल्यावर त्याचंच देवाची भांडी पुसायचं फडकं. ती जपानात जन्मली असती तर मारिओच्या कारखान्यात वरच्या हुद्द्यावर गेली असती.

त्याच्या एक वर्ष आधी, १९८४ साली, इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा खेळ केला. संगणकाची स्मृती सगळी मिळून ३२ केबी. त्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह, दर ग्रहाला नाव, राज्यव्यवस्था आणि बाजारभाव. कसे? तर ग्रह ठेवलेच नाहीत. ग्रह करायची कृती ठेवली. मूठभर आकडे घ्यायचे, ठरावीक रीतीने फिरवायचे, की पाहिजे तो ग्रह पाहिजे तेव्हा तयार. डब्यात लाडू भरून ठेवायचे नाहीत, लाडवाची कृती तेवढी लिहून ठेवायची. तीच युक्ती २००४ साली काही जर्मन मुलांनी 'क्रीगर' या खेळात टोकाला नेली. तिन्ही मितींतला बंदुकीचा खेळ, भिंतीवर गंज, दिव्यांचा उजेड, सावल्या, सगळं ९६ केबीत. अर्थात खरं सांगायचं तर सुरू व्हायला तो बराच वेळ घेतो, चालताना संगणकाला घाम फोडतो, आणि खेळ म्हणून लवकर संपतो. कृतीपासून लाडू वळायचे म्हणजे बेसन भाजायला वेळ हा लागणारच. तेव्हा आजच्या प्रत्येक खेळाने ९६ केबीत राहावं असा माझा आग्रह नाही. आमची पिढी दहा बाय बाराच्या खोलीत वाढली म्हणून सगळ्यांनी तिथेच राहावं, असं म्हणणारा मी म्हातारा नव्हे.

माझा आक्षेप मोठेपणाला नाही, फाजीलपणाला आहे. दोन्ही एकत्रच बांधून येतात, म्हणून ते जरा सोडवून बघावे लागतात.

चित्रांचं घ्या. पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा होता, तो ३८४० बाय २१६० चा झाला. रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, म्हणजे ठिपके चौपट. चित्रं तशी बारकाईची हवीत, म्हणजे जागा वाढणार. हे रास्त आहे. पण ज्याच्या घरी जुनाच पडदा आहे त्याच्याही डिस्कवर ती चौपट चित्रं आणून ओतायची, याला काय म्हणावं? चष्मा नसलेल्याच्या घरी भिंगाचं कपाट पाठवण्यासारखं आहे हे. आवाजाचं तसंच. २०१४ साली 'टायटनफॉल' नावाचा खेळ आला. संगणकावर ४८ जीबी. त्यातले ३५ जीबी नुसता आवाज! करणाऱ्यांनी कारण दिलं की दाबून बसवलेला आवाज खेळताना उलगडावा लागतो आणि तो भार दुबळ्या यंत्रांना झेपत नाही; म्हणून आवाज न दाबता पाठवला. कारण खोटं नाही. पण दुबळ्या यंत्राच्या गरिबाला मदत म्हणून ३५ जीबीचा आवाज पाठवणं म्हणजे मागच्या जन्मीच्या सावकाराची आठवण होते. ज्याचं यंत्र दुबळं, त्याची डिस्क काय बादशाही असते?

आणि मग 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर'. हा २०१९ साली आला तेव्हाच 'संगणकावर १७५ जीबी मोकळे ठेवा' असं सांगून आला. मुंजीला येणाऱ्या नातेवाइकाने आधी पत्र टाकावं तसं; त्याबद्दल मी त्याला गुण देतो. पण पुढे अपडेटांवर अपडेटं होत तो दोनशेच्या पलीकडे गेला. २५० जीबीची डिस्क असलेल्या मुलांच्या घरात तो एकटाच राहू लागला. ओरड झाली. शेवटी मार्च २०२१ मध्ये कंपनीने त्याला आहारावर ठेवला. संगणकावर त्याचं वजन तीसएक जीबींनी उतरणार होतं. त्यासाठी काय करायचं? तर सुमारे १३३ जीबी उतरवून घ्यायचे. मी हे वाक्य दोनदा वाचलं, मग सौ.ला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या बहिणीने वजन कमी करायच्या वेळी केवढं सामान आणलं होतं, विसरलात का?" मी विषय वाढवला नाही. पण समीक्षक म्हणून नोंदवून ठेवतो की विनोदी वाङ्मयात या अपडेटला मानाचं स्थान मिळायला हवं.

तर आमच्या घरात पस्तीस जीबी कमी पडत होते. रविवारी सकाळी चिरंजीव आणि मी सफाईला बसलो. दिवाळीची सफाई आणि ही सफाई यांत फरक एवढाच की इथे धूळ दिसत नाही, भांडणं तीच. कचऱ्याच्या टोपलीत पाच जीबी कचरा होता. टाकून दिलेली वस्तू घरातच टोपलीत ठेवायची आणि टोपली रिकामी करायची नाही, ही पद्धत संगणकाने नक्की आमच्या घराण्याकडून उचलली आहे. मागल्या वेळी संगणकाची मूळ प्रणाली बदलली तेव्हा तिने जुनीची एक नक्कल जपून ठेवली होती, सतरा जीबी. ती गेली. साडूंच्या मुलाच्या लग्नाची चित्रफीत आठ जीबी. ती पाहिल्याशिवाय काढायची नाही असं सौ.चं म्हणणं पडलं, पण पाहायला कोणी तयार होईना, तेव्हा ठराव एकमताने संमत झाला. शुभ सकाळची फुलं, उगवते सूर्य, वाफाळते चहाचे कप आणि त्यांवरचे सुविचार मिळून तीन जीबी. तेही गेले आणि मन खरोखर शुभ झालं.

तेहतीस झाले. दोन कमी पडत होते.

आणि यादीत पुढचं नाव आलं ते 'आई' या फोल्डरचं. अडीच जीबी.

त्यात आईच्या ओव्या आहेत. १९८८ साली बहिणीने टेपरेकॉर्डरसमोर बसवून भरून घेतल्या होत्या, साठ मिनिटांच्या चार कॅसेटी. तोवर घरात दळण गिरणीतूनच येत होतं, पण जात्याशिवाय ओवी सुचत नाही म्हणून आई माळ्यावरचं जातं काढून बसली आणि चार दिवस अख्ख्या घराला हातदळणाची भाकरी खायला घातली. पुढे कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा एका दुकानदाराकडून त्या संगणकात घालून घेतल्या. त्याने न दाबता, तासाला सहाशेच्या वर एमबी जागा घेणाऱ्या चांगल्या पद्धतीने घातल्या. भला माणूस होता.

"डिलीट नाही करायचं, बाबा," चिरंजीव माझं तोंड पाहून घाईघाईने म्हणाले. "नुसतं एमपी३ करू. अकरावा हिस्सा होईल. कानाला फरक कळणार नाही. आणि मधेमधे रिकामं आहे ना, तेवढं कापू."

"रिकामं म्हणजे?"

"म्हणजे जिथे आजी गात नाही ते."

आता, जिथे आई गात नाही तिथे जातं आहे. एके ठिकाणी ती मधेच थांबून "अगं, दूध बघ वर येतंय का" म्हणते. बहीण पळते, पातेल्याचा आवाज येतो, आणि जातं पुन्हा फिरायला लागतं. तिसऱ्या कॅसेटीत एक ओवी अर्ध्यात सोडून ती "पुढचं आठवत नाही बाई" म्हणते आणि हसते. पुढे मिनिटभर नुसतंच दळण आहे. एमपी३ची कला अशी की माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असं तिला वाटतं ते ती गाळून टाकते. ते कोणी ठरवलं, तर हिशोबाने. हिशोब बरोबर असेलही. पण माझ्या कानाला आईच्या आवाजातलं काय ऐकू येतं, याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही.

मी रागावलो नाही. समीक्षकाने रागावू नये. मी एवढंच विचारलं, "तुझ्या त्या खेळातल्या बंदुका दाबल्या आहेत का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आजीने अडीच जीबीतून पाव जीबीत जायचं. ठीक. तो १२८ घेऊन बसलाय, त्याला कोणी विचारलं का, की बाबा रे, तू काय सोडतोस?"

चिरंजीव मुळात गुणी मुलगा. शोधायला लागला. खेळाच्या आत, तीन दारं ओलांडून, एका कोपऱ्यातल्या पानावर त्याच्या सामानाची यादी निघाली, आणि त्यात 'उच्च दर्जाची चित्रं' म्हणून सव्वीस जीबीचं एक गाठोडं निघालं. आमचा पडदा १९२० बाय १०८०चा! ती चित्रं दाखवायची त्याच्या अंगात ताकदच नाही. वर्षभर ती तिथे पडून होती आणि त्यांतल्या बटणांची अपडेटं आम्ही इमानेइतबारे उतरवून घेत होतो. ते गाठोडं काढायला चाळीस सेकंद लागले. ते खेळाने स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं. 'जागा मोकळी करा' म्हणताना त्याने बोट दाखवलं ते आमच्या सामानाकडे.

माझ्या परीक्षणातला मुख्य दोष तो हाच. चित्रं सुंदर आहेत, चिखल अगदी खरा वाटतो, पण पाहुण्याला रीत नाही.

ही रीत शिकता येते. 'हेलडायव्हर्स २' हा स्वीडनमधल्या ॲरोहेड या मंडळींचा खेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. संगणकावर तो दीडशे जीबींच्या आसपास पोचला, आणि तोच खेळ प्लेस्टेशनवर पस्तीसएक जीबींत नांदत होता. कारण मोठं गमतीचं आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी फिरते आणि तिच्यावर एक सुई इकडून तिकडे हिंडत माल गोळा करते. तिची पायपीट वाचावी म्हणून तीच तीच वस्तू अनेक ठिकाणी ठेवलेली होती. मीठ आणायला स्वयंपाकघरात जावं लागू नये म्हणून माजघरात, ओसरीवर, माडीवर, न्हाणीघरात, सगळीकडे मिठाची एकेक बरणी. आणि त्यांच्या अंदाजाने अशी तबकडी वापरणारे खेळाडू होते शेकडा अकराच्या आसपास. पण बरण्या सगळ्यांच्याच घरात. पुढे त्यांनी निक्सेस या डच मंडळींना बरोबर घेऊन प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तर खेळ सुरू व्हायला जो वेळ लागत होता तो मुख्यतः रणभूमी तयार करण्यातच जात होता. बरण्या उचलल्या तरी तबकडीवाल्यांना फार तर काही सेकंदांचा फरक. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी बरण्या उचलल्या. १५४ जीबीचा खेळ २३ जीबीचा झाला. एक बंदूक कमी झाली नाही, एक किडा कमी झाला नाही. आधी धरलेले अंदाज खरे ठरले नाहीत, हेही त्यांनी जाहीरपणे लिहिलं. कलावंताने स्वतःच्या कृतीला स्वतः कात्री लावून वर कारण लिहून दिल्याचं उदाहरण मला मराठी साहित्यातही पटकन आठवत नाही. १३१ जीबी! आईच्या ओव्या त्यात बावन्न वेळा बसतात.

चिरंजीवांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "हो, आमच्या कॉलेजात सगळ्यांना आनंद झाला. त्या जागेत आता अजून दोन खेळ बसतात."

चाळीस जीबीचं ते अपडेट त्या रविवारी रात्री बसलं. पुढच्या गुरुवारी आणखी अठरा जीबींचं आलं. त्यात म्हणे आधीच्या अपडेटने बिघडलेली एक शिडी दुरुस्त केली होती. मी संगणक उघडून 'आई' हे फोल्डर जागेवर आहे ना म्हणून पाहायला गेलो, तर तिथे 'आई' नव्हतंच. त्या जागी 'सिस्टिम फाइल्स – हात लावू नये' या नावाचं एक फोल्डर होतं, अडीच जीबीचं. सौ. आत भाजी चिरत होती. मी काही विचारलं नाही. हेडफोन लावले आणि तिसरी कॅसेट सुरू केली.